फोन नेमका कुठे तापतो? गोव्याच्या हवेत सुरक्षित चार्जिंगसाठी सविस्तर मार्गदर्शन

चार्जिंगला लावलेला फोन कोमट लागला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. बॅटरीत वीज भरताना थोडी उष्णता निघणारच. पाहायचे ते किती तापला हे, आणि त्याहीआधी कुठे तापला हे. भिंतीवरचा पॉइंट, चार्जर, केबलचे टोक आणि फोनची पाठ अशा चार जागा आहेत. प्रत्येक जागेच्या तापण्यामागे वेगळा बिघाड असतो आणि त्याचा उपायही वेगळा. पाठ तापते म्हणून नवा चार्जर आणला किंवा पिन तापते म्हणून बॅटरी बदलून घेतली, तर पैसे जातात आणि धोका होता तिथेच राहतो.

गोव्यात हे तपासणे जास्त गरजेचे आहे. बहुतेक कंपन्या फोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत वापरा असे सांगतात. मे महिन्यात पणजी-म्हापशाकडे दुपारचा पारा ३३-३४ अंशांवर असतो. समुद्रापासून आत, फोंडा-डिचोली-वाळपईकडे उकाडा आणखी वाढतो, आणि पत्र्याखालच्या किंवा स्लॅबच्या शेवटच्या मजल्यावरच्या खोलीत तर बोलायलाच नको. म्हणजे फोनला उरलेली मोकळीक एक-दोन अंशांची, कधी तीही नाही. त्यात किनाऱ्याची खारी हवा आणि जूनपासून चार महिने भिंतींना सुटलेली ओल.

उष्णता येते कुठून

लिथियम-आयन बॅटरी सुरुवातीला मोठा प्रवाह घेते. साधारण ७०-८० टक्के भरल्यावर तिचा व्होल्टेज कमाल मर्यादेला पोचतो. एका सेलसाठी ही मर्यादा ४.२ व्होल्ट असते, नव्या फोनांत ४.४ व्होल्टच्या आसपास. तिथून पुढे व्होल्टेज तेवढाच ठेवून प्रवाह हळूहळू कमी केला जातो. म्हणून फोन सगळ्यात जास्त तापतो तो पहिल्या अर्ध्या तासात. शंभराच्या जवळ आल्यावरही तो तापलेलाच असेल, तर काहीतरी चुकते आहे.

प्रवाह दुप्पट झाला की वाटेतल्या रोधामुळे निघणारी उष्णता चौपट होते. जलद चार्जिंगचे सगळे दुखणे या एका नियमात आहे. ३३ वॅटचा चांगला चार्जर पूर्ण भारावर चालताना साधारण ३ वॅट स्वतःच्या तापण्यात घालवतो, ६७ वॅटचा ६-७ वॅट. तेवढ्याशा प्लास्टिकच्या डबीतून ही उष्णता बाहेर पडायची असल्याने ती हाताला गरम लागणे स्वाभाविक आहे. फोनची गोष्ट आणखी अडचणीची. त्यात पंखा नाही, तो सगळीकडून बंद आहे, आणि तीन-चार वॅटपेक्षा जास्त उष्णता तो आरामात बाहेर टाकू शकत नाही.

बॅटरीचे तापमान ४५ अंशांवर गेले की चार्जिंग करू नये, हा सेल बनवणाऱ्यांचा सर्वसाधारण नियम आहे. त्यासाठी बहुतेक फोन ४० अंशांच्या आसपासच प्रवाह कमी करू लागतात आणि पुढे चार्जिंग थांबवतात. मे महिन्याच्या दुपारी ‘आज चार्जिंग फारच हळू होते’ असे वाटते, त्यामागे बहुधा हेच असते. फोन स्वतःला जपतो आहे. अशा वेळी जास्त वॅटचा चार्जर शोधू नका, फोन थंड होऊ द्या.

आग लागण्याइतके तापमान यापेक्षा खूप वरचे आहे. सेलच्या आतले संरक्षक थर साधारण ८० अंशांनंतर विघटित होऊ लागतात. दोन ध्रुवांना वेगळे ठेवणारा पॉलिएथिलीनचा पातळ पडदा १३० अंशांच्या आसपास वितळतो, आणि त्यानंतर बॅटरी स्वतःच स्वतःला तापवत सुटते. नुसत्या उकाड्याने चांगली बॅटरी तिथवर जात नाही. ती जाते आतल्या इजेमुळे: फोन पडून बसलेला मार, खिशात बसून वाकलेली बॅटरी, किंवा मुळातच सदोष घडण. २०१६ साली सॅमसंगला गॅलेक्सी नोट ७ बाजारातून परत घ्यावा लागला. कंपनीच्या तपासात दोन पुरवठादारांच्या बॅटऱ्यांत दोन वेगवेगळे दोष निघाले. एकीत कोपऱ्यातले इलेक्ट्रोड दबून वाकले होते, दुसरीत वेल्डिंगचे बारीक कंगोरे पडदा भेदून जात होते. वापरणाऱ्यांचा त्यात काही दोष नव्हता. म्हणूनच बॅटरी बदलताना तीन-चारशे रुपये वाचवण्यासाठी निनावी बॅटरी घालून घेणे हा आमच्या मते सगळ्यात मोठा धोका आहे, रात्रभर चार्जिंगला लावण्यापेक्षा कितीतरी मोठा.

वीस मिनिटांची तपासणी

फोन ३०-४० टक्क्यांवर असताना ही तपासणी करा.

१. फोनचे कव्हर काढा, स्क्रीन बंद करा, मागे चालू असलेली अ‍ॅप्स बंद करा. फोन लादीवर किंवा लाकडी टेबलावर ठेवा, खोलीतला पंखा चालू ठेवा.

२. नेहमीच्याच चार्जरने आणि नेहमीच्याच पॉइंटवर २० मिनिटे चार्ज करा. मध्ये फोन हाताळू नका.

३. भिंतीवरचा स्विच बंद करून चार्जर काढा. हात कोरडे असावेत. मग याच क्रमाने स्पर्श करून पाहा: चार्जरच्या पिना, चार्जरची डबी, केबलचे चार्जरकडचे टोक, फोनकडचे टोक, शेवटी फोनची पाठ.

४. प्रत्येक ठिकाणी बोट दहा सेकंद ठेवा. ४० अंशांपर्यंत कोमट ते गरम लागते. ४५ ला चांगलेच गरम लागते, पण बोट ठेवता येते. ५० च्या पुढे दहा सेकंद धीर धरवत नाही आणि ६० ला बोट आपोआप मागे येते.

अँड्रॉइड फोनमध्ये बॅटरीचे तापमान दाखवणारी मोफत अ‍ॅप्स आहेत, अ‍ॅक्युबॅटरी हे त्यांतले एक. आकडा ४० च्या आत असेल तर निश्चिंत राहा. दुसऱ्या दिवशी हीच तपासणी कव्हर घालून करा. दोन आकड्यांतला फरक पाहिलात की कव्हर काढावे की नाही हे कोणाला विचारावे लागणार नाही.

केबलचे टोक तापते: सगळ्यात जास्त दुर्लक्ष होणारी जागा

फोनकडचे टोक इतर सगळ्यांपेक्षा जास्त गरम लागले, तर दोष संपर्कात आहे. हिशेब साधा आहे. टाइप-सी जोडणीत गंज किंवा मळ बसून ०.१ ओहम जरी रोध वाढला, तरी ३ अँपिअरला तिथे ०.९ वॅट उष्णता निघते आणि ५ अँपिअरला २.५ वॅट. आकडे लहान वाटतात, पण ही सगळी उष्णता मुगाच्या दाण्याएवढ्या जागेत निघते. प्लास्टिक पिवळे पडते, मग तपकिरी, आणि एके दिवशी पिन सॉकेटमध्येच चिकटून बसते.

गोव्यात हा रोध वाढायला तीन गोष्टी पुरतात. खिशातला कापसाचा भुगा आणि तांबडी धूळ सॉकेटच्या तळाशी दाबून बसते, त्यामुळे पिन पूर्ण आत जात नाही. मिरामार, कळंगुट, कोलवा, वास्को अशा किनारपट्टीत खारी हवा संपर्कांवर थर चढवते. आणि पावसाळ्यात ओल्या सॉकेटमध्ये चार्जिंग सुरू केले की विजेच्या प्रवाहाने पिनांचे सोन्याचे पातळ मुलामे झिजतात, खालच्या तांब्याला हिरवा गंज चढतो. नुसत्या ओलीने वर्षभरात जेवढे नुकसान होते, त्याहून जास्त ओल्या पिनेत चार्जिंग केल्याने थोड्या दिवसांत होऊ शकते.

मोबाइलच्या टॉर्चखाली सॉकेटच्या आत पाहा. मधोमध जी पातळ जीभ दिसते तिच्या वरच्या-खालच्या बाजूला बारा-बारा अशा चोवीस पट्ट्या असतात. त्या सारख्याच पिवळसर चमकल्या पाहिजेत. एखादी हिरवट दिसली तर गंज, काळी दिसली तर ठिणगी पडून जळलेली. दोन्ही बाजूंच्या काही पट्ट्यांतून मुख्य वीज जाते, त्यामुळे एक काळी पट्टीसुद्धा दुरुस्तीला पुरेसे कारण आहे.

सफाईची रीत अशी. फोन पूर्ण बंद करा. लाकडी टूथपिकचे टोक ब्लेडने तासून चपटे करा. सॉकेटचे तोंड जमिनीकडे ठेवून कडेकडेने, तळाशी साठलेला भुगा अलगद उकरून काढा. मधल्या जिभेवर जोर देऊ नका, ती मोडली की सॉकेटच बदलावे लागते. सुई, सेफ्टी पिन, हेअरपिन अजिबात वापरू नका. धातूने दोन पट्ट्या जोडल्या गेल्या की फोन बंद असूनही शॉर्ट होऊ शकतो. भुगा निघाल्यावर मऊ, कोरड्या ब्रशने झाडा. थर चिवट असेल तर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशच्या टोकाला एक थेंब लावून फिरवा आणि अर्धा तास सुकू द्या. आता पिन घातल्यावर ‘टक’ असे बसल्याचे जाणवले पाहिजे आणि बाहेर फट राहता कामा नये. तरीही पिन हलत असेल, फोन हाताने विशिष्ट कोनात धरल्यावरच चार्ज होत असेल, तर सॉकेट झिजले आहे. केबल पुस्तकाखाली दाबून काम भागवू नका.

केबलची पारखही इथेच करून घ्या. टोकापाशी वाकून आतली जाळी दिसू लागलेली केबल टाकून द्यायची, चिकटपट्टी गुंडाळून वापरायची नाही. ३ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह नेणाऱ्या टाइप-सी केबलमध्ये ओळख देणारी छोटी चिप असते. ती नसली तर चांगला चार्जर ३ अँपिअरच्या वर जात नाही. स्वस्त चार्जर आणि स्वस्त केबल एकत्र आली की ही शिस्त कोण पाळणार याची खात्री उरत नाही.

पॉइंट आणि एक्स्टेन्शन बोर्ड

६७ वॅटचा चार्जरसुद्धा २३० व्होल्टवर अर्धा अँपिअरच्या आसपासच प्रवाह घेतो. भिंतीवरचा छोटा पॉइंट ५-६ अँपिअरचा असतो. म्हणजे एका चार्जरच्या भाराने पॉइंट तापू शकत नाही. तरीही चार्जरच्या पिना गरम लागल्या किंवा प्लग घालताना चर्र असा आवाज आला, तर आतल्या पितळी पट्ट्या सैल झाल्या आहेत असे समजा. जुन्या कौलारू घरांत वायरिंगही जुनेच असते आणि खाऱ्या हवेने पितळेवर काळपट थर आलेला असतो. सॉकेट बदलायला फार खर्च येत नाही. परवानाधारक वायरमनकडून बदलून घ्या, आणि त्याच फेरीत घराला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, अर्थिंग चालू आहे का, हेही तपासून घ्या.

बोर्डाची खरी परीक्षा चवथीत, म्हणजे गणेशचतुर्थीला होते. घर पाहुण्यांनी भरलेले, मखराची रोषणाई, माटोळीजवळचे दिवे, पंखा, आणि त्याच बोर्डाच्या उरलेल्या भोकांत पाच फोन. एवढ्याने भार ओलांडत नाही. तो ओलांडतो कोणी त्याच बोर्डावर १५०० वॅटची किटली लावली की. एकटी किटलीच साडेसहा अँपिअर घेते. बोर्ड तापतो, आणि तो मखराच्या कापडामागे असल्याने कोणाला दिसत नाही. म्हणून किटली, इस्त्री, मिक्सर भिंतीवरच्या मोठ्या १५-१६ अँपिअरच्या पॉइंटवर. बोर्ड तीन तारांचा, शक्यतो १ चौरस मिलिमीटर जाडीच्या वायरचा. बोर्डात बोर्ड जोडायचा नाही. फोन समई आणि पडद्यांपासून दूर, वेगळ्या खोलीत लावा.

चार्जर विकत घेताना

भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइल चार्जरवर भारतीय मानक ब्यूरोची (बीआयएस) खूण आणि ‘आर’ अक्षरानंतर आठ आकड्यांचा नोंदणी क्रमांक असावा लागतो. सोबत मानकाचा क्रमांक असतो, बहुतेकांवर आयएस १३२५२, काही नव्यांवर आयएस/आयईसी ६२३६८. खूण छापायला कोणीही छापेल, म्हणून बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो ‘आर’ क्रमांक टाकून पाहा. कंपनीचे नाव आणि वस्तूचा प्रकार जुळला पाहिजे. दुकानात उभ्या उभ्या हे एका मिनिटात होते आणि चांगला दुकानदार त्याला हरकत घेत नाही.

हे एवढे का करायचे? चार्जरमध्ये एका बाजूला २३० व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला तुमच्या हातातला फोन असतो. दोघांना वेगळे ठेवते ते आतल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन आणि सर्किटवर सोडलेले काही मिलिमीटरचे अंतर. बनावट चार्जरमध्ये पैसे नेमके इथेच वाचवले जातात. दमट हवेत धूळ बसलेल्या अशा सर्किटमधून मुख्य वीज पलीकडे उडी मारू शकते. चार्जिंग सुरू असताना कानाला लावलेल्या फोनचा धक्का बसण्यामागे बहुतेकदा हेच कारण असते.

जास्त वॅटच्या चार्जरची मात्र उगाच भीती बाळगू नका. किती वीज घ्यायची हे फोन ठरवतो, चार्जर लादत नाही. ६५ वॅटच्या प्रमाणित चार्जरला १८ वॅटचा फोन लावला तर तो १८ वॅटच घेईल, आणि चार्जर कमी भारावर थंड चालेल. उलट, काही कंपन्यांचे जलद चार्जिंग त्यांच्याच चार्जर-केबलवर चालते. दुसरा चार्जर लावल्यास वेग कमी होतो, धोका वाढत नाही.

चार्जर चालू असताना धातूच्या कडांचा फोन हातात घेतला की बारीक झिणझिण्या येतात, अशी तक्रार पावसाळ्यात वाढते. दोन पिनांच्या बऱ्याच चार्जरमध्ये विजेतले विद्युत अडथळे दाबणारा एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून अगदी किरकोळ प्रवाह पाझरतो. ओल्या लादीवर अनवाणी उभे राहिल्यास तो जाणवतो. चप्पल घातल्यावर किंवा चार्जर पॉइंटमध्ये उलटा लावून पाहिल्यावर कमी झाला, तर बहुधा तेवढेच आहे. पण चिमटा काढल्यासारखा झटका बसला, तर तो चार्जर त्याच क्षणी वापरातून काढा.

फोनची पाठ तापते

इथे चार्जर-केबलचा संबंध कमी, आपल्या सवयींचा जास्त. जाड रबरी कव्हर, उशी, गादी, सोफ्याची बैठक या सगळ्या उष्णता कोंडणाऱ्या वस्तू. रात्री फोन उशीखाली ठेवून चार्ज करणे पूर्ण बंद करा. त्वचेला कित्येक तास चिकटून राहिलेली ४४-४५ अंशांची वस्तूसुद्धा भाजते, झोपेत ते कळतही नाही.

चार्जिंग करताना गेम, व्हिडिओ कॉल किंवा हॉटस्पॉट चालू असेल तर प्रोसेसर आणि बॅटरी दोन्ही एकाच वेळी तापतात. हॉटस्पॉट लागणारच असेल, तर सेटिंगमधले जलद चार्जिंग बंद करा किंवा घरातला जुना १० वॅटचा चार्जर काढा. मे महिन्यात दुपारी ११ ते ४ जलद चार्जिंग टाळावे आणि फोन सकाळी लवकर भरून घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. बॅटरीचे आयुष्य ज्या दोन गोष्टी खातात, त्या म्हणजे उष्णता आणि सतत शंभर टक्के भरलेली अवस्था. दोन्ही एकत्र आल्या की काम आणखी लवकर तमाम होते. आता बऱ्याच फोनांत ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय आहे. फोन दिवसभर टेबलावर प्लगला असणाऱ्यांनी ती चालूच ठेवावी.

वायरलेस चार्जर सोयीचा, पण त्यात वीज जास्त वाया जाते आणि ती सगळी फोनच्या पाठीवर उष्णता म्हणून येते. फोन मधोमध बसला नाही तर आणखीच. कव्हरच्या मागच्या खिशात कार्ड, नाणे किंवा कव्हरला चिकटवलेली लोखंडी पट्टी असेल तर आधी काढा, ती पट्टी चटका बसेल इतकी तापते.

दुचाकीवर फिरणारे पायलट (दुचाकी टॅक्सीवाले) आणि डिलिव्हरीची मुले यांची अडचण वेगळी. फोन हँडलवर उन्हात, स्क्रीनचा उजेड पूर्ण, जीपीएस चालू, आणि खालून यूएसबीवर चार्जिंग. जून उजाडला की त्यावर प्लास्टिकची पिशवी. पाऊस अडतो, उष्णता आणि वाफही आतच अडते. उपाय असा: स्टँडवर फोनच्या वर छोटी छत्री किंवा टोपी लावा, स्क्रीन शक्य तेवढी मंद ठेवा, आणि चार्जिंग गाडी उभी असताना सावलीत २०-२० मिनिटांच्या हप्त्यांत करा. पावसात यूएसबी चार्जिंग नको. पूर्ण भरलेली पॉवर बँक डिकीत कोरड्या पिशवीत ठेवा आणि आडोशाला थांबल्यावर वापरा. मात्र मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत किंवा मोटारीच्या डॅशबोर्डवर फोन किंवा पॉवर बँक ठेवू नका. डॅशबोर्ड ६० अंशांच्या वर सहज जातो.

तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवणारे लोक आहेत. कृपा करून तसे करू नका. पावसाळ्यात गोव्याच्या हवेत इतकी वाफ असते की २४-२५ अंशांपेक्षा थंड पृष्ठभागावर पाणी धरते. फ्रिजमधून काढलेल्या फोनच्या आतसुद्धा. एसी गाडीतून किंवा १८ अंशांवर ठेवलेल्या ऑफिसमधून बाहेर आल्यावरही हेच घडते. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटे चार्जिंगची पिन लावू नका. फोन थंड करायचा असेल तर कव्हर काढा, चार्जर काढा, पंख्याखाली लादीवर ठेवा.

फोन भिजला, वीज कडाडली, व्होल्टेज नाचला

‘पोर्टमध्ये ओल आहे’ असा इशारा आला की तो डावलून चार्जिंग सुरू करण्याचा पर्याय दिसला तरी वापरू नका. फोन बंद करा, सॉकेट खाली करून तळहातावर हलके आपटा, पंख्याच्या झोतात किमान पाच-सहा तास ठेवा. हेअर ड्रायर नको, तांदळाचा डबाही नको, त्याचा कोंडा आत जाऊन बसतो. पाणी समुद्राचे असेल तर नुसते सुकवून भागत नाही. पाणी सुकते, मीठ राहते आणि पुढच्या दमट दिवशी तेच मीठ पुन्हा ओल ओढते. फोन जलरोधक म्हणून प्रमाणित असेल आणि काच तडकलेली नसेल, तर गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुऊन मग सुकवा. नसेल तर बंद अवस्थेतच दुरुस्तीला न्या. मालीम किंवा कुटबणच्या जेटीवरून ट्रॉलरवर जाणाऱ्यांनी सॉकेटमध्ये रबरी बूच लावण्याची सवय ठेवावी.

मे महिन्यातल्या वळिवाच्या पावसात आणि ऑक्टोबरमध्ये पाऊस परतताना संध्याकाळी विजा जास्त कडाडतात. पहिला गडगडाट ऐकू आला की चार्जर पॉइंटमधून उपटून ठेवा. नुसता स्विच बंद केल्याने जवळ पडलेल्या विजेचा लोट थांबत नाही. वीज गेल्यावरही चार्जर काढा आणि परत आल्यावर पाच मिनिटांनी लावा.

घरातले काही दिवे अचानक प्रखर आणि काही मंद झाले, तर बाहेर न्यूट्रलची तार तुटली असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. मेन स्विच लगेच बंद करा आणि वीज खात्याला १९१२ वर कळवा. चार्जर, टीव्ही, फ्रिज सगळेच त्यात जळते.

पॉवर बँक

वेगळे नियम थोडेच आहेत. तीही बीआयएस नोंदणीचीच घ्या. ती चार्ज होत असताना तिच्यावरून फोन चार्ज करू नका, दोन्ही बाजूंची उष्णता एकाच डबीत साठते. दाबोळी किंवा मोपाहून विमानाने जाणार असाल तर ती हातातल्या सामानात ठेवा, चेक-इन बॅगेत चालत नाही. १०० वॅट-तासांपर्यंतची चालते. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टने गुणल्यास ७४ वॅट-तास होते.

बॅटरी फुगली, धूर आला

फोन काचेच्या टेबलावर पाठीवर ठेवून बोटाने फिरवा. भिंगरीसारखा फिरला, मागचे झाकण मधोमध उचललेले दिसले किंवा स्क्रीनची कड सुटू लागली, तर बॅटरी फुगली आहे. आत वायू साठला आहे. त्या क्षणापासून चार्जिंग बंद. फोन बंद करा, झाकण दाबून बसवू नका, टाचणीने वायू सोडायचा तर विचारही नको. पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूवर ठेवा, झाकण घट्ट लावू नका, आणि त्याच किंवा दुसऱ्या दिवशी दुरुस्तीच्या ठिकाणी न्या.

फुस्स असा आवाज, नेलपॉलिशसारखा गोडसर वास किंवा पांढरा धूर आला तर मिनिटांचा प्रश्न असतो. फोन हातात उचलू नका. आधी त्या खोलीची एमसीबी किंवा मेन बंद करा. मुलांना आणि वृद्धांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, धूर घेऊ नका. त्यात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. वीज तुटल्याची खात्री असेल आणि आग फोनपुरतीच असेल, तर दुरून भरपूर पाणी ओता. फोनच्या बॅटरीला पाणी चालते, कारण तिला थंड करणे हेच मुख्य काम आहे. पावडरचे अग्निशामक ज्वाळा विझवते, पण सेल गरमच राहतो आणि पुन्हा पेटतो. पडदा किंवा गादी पेटली असेल तर लढत बसू नका, बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ लावा. विझलेला फोन उघड्यावर, फरशीवर, निदान २४ तास एकटा ठेवा. भाजले असेल तर २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका. १०८ ला फोन करा.

जुनी बॅटरी कुठे द्यायची

सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकलेली बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली जाते आणि तिथे पेटू शकते, तेव्हा ती पिशवी तिची जागा नव्हे. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे कंपनीच्या सेवा केंद्राला विचारायला संकोच करू नका. नाहीतर पालिका किंवा पंचायत ई-कचरा गोळा करते त्या दिवशी द्या. सुटी बॅटरी असेल तर तिच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावा. फुगलेली असेल तर देताना तोंडी सांगा. नुसती पिशवी टेबलावर ठेवून निघालात, तर समोरचा माणूस ती इतर दहा फोनांखाली दाबून ठेवील.